पाच नग

ऋतिकाने विचारलं, "काका, गोळी एकही चुकली नाही ना?" आणि मी म्हणालो, "नाही." एवढंच घडलं. सकाळचे अकरा वाजले होते, मी जेवणाच्या टेबलाशी बसून डाळिंब सोलत होतो, हात लाल झाले होते म्हणून फोन स्पीकरवर टाकला होता. ऋतिका ही मुंबईच्या हॉस्पिटलातल्या संशोधन विभागातली मुलगी. माझा मुलगा शौनक, त्याच्या मज्जेचं प्रत्यारोपण होऊन आज अडुसष्ट दिवस झाले. त्यातले शेवटचे चाळीस आम्ही अंबरनाथला घरी काढलेत, आणि दर गुरुवारी त्याचं रक्त तिच्याकडे जातं. त्या रक्तात सीएमव्ही नावाचा व्हायरस डोकं वर काढतोय का ते तिकडे बघतात. आजवर दर शनिवारी ती एकच वाक्य म्हणायची, "नॉट डिटेक्टेड काका, मजा करा." आज मजा करा म्हणाली नाही. "यावेळी आलाय," म्हणाली, "आकडा अकराशे चाळीस. घाबरू नका, पण सरांना दाखवायला लागेल." मग तिने तो गोळीचा प्रश्न विचारला. तो ती दर शनिवारी विचारते, फॉर्मवर तशी चौकट आहे म्हणून विचारते, आणि मी दर शनिवारी देतो तेच उत्तर दिलं. फरक इतकाच की आज ते खोटं होतं.

"सर चारला मोकळे होतील, तेव्हा ठरवतील," ती पुढे बोलत होती. "गोळी नीट चालू असूनही चढला असेल तर वाट नाही बघता येणार. बहुतेक उद्याच ॲडमिट करून इंजेक्शन." मी विचारलं, "आणि समजा एखादी चुकली असती तर?" हे मी फार सहज विचारलं, बाजारात कोथिंबिरीचा भाव विचारावा तसं. "मग गोळी चालू ठेवून दोन दिवसांनी परत रक्त बघता आलं असतं. पण तुमच्याकडे कुठे चुकतंय काका? तुमचा चार्ट मी सगळ्यांना दाखवते." फोन ठेवला. ते इंजेक्शन मला माहीत होतं. ते व्हायरसला मारतं आणि जाता जाता नव्या मज्जेलाही झोडपतं. राजसीची, म्हणजे शौनकच्या बहिणीची मज्जा त्याच्या हाडांत आत्ता कुठे रुजतेय. प्लेटलेट साठ हजारांवर आल्यात, पांढऱ्या पेशी अठ्ठावीसशे. हे आकडे मी झोपेतही सांगेन. माझ्या एका 'नाही'मुळे उद्या त्या कोवळ्या रोपावर फवारा बसणार होता, आणि हे माहीत असलेला जगात मी एकटा होतो. स्वयंपाकघरातला मिक्सर बंद करून माझ्या बायकोने, वृंदाने विचारलं, "काय म्हणाली हो?" मी म्हणालो, "रिपोर्ट यायचाय, चारला सांगते." एक खोटं बोललं की दुसऱ्याला रांगेत उभंच राहावं लागतं.

मी एकतीस वर्षं ऑर्डनन्समध्ये, म्हणजे इथल्या दारूगोळ्याच्या सरकारी कारखान्यात होतो, निरीक्षण विभागात. काडतुसांच्या पितळी केसेसचा लॉट आमच्यापुढे यायचा आणि त्यातले नग उचलून आम्ही ते कापायचे, ठोकायचे, तापवायचे, काही प्रत्यक्ष उडवून बघायचे. तिथे पहिल्या दिवशी माझ्या साहेबांनी सांगितलं होतं, मधू, समोरचा माणूस देव असला तरी त्याचा माल संशयित आहे. ते मी इतकं मनावर घेतलं की पुढे घरातही मला दुसरं काही जमेना. वृंदाने निवडलेले तांदूळ मी पुन्हा निवडायचो. शाळेतून पोरांचे पेपर आले की गुणांची बेरीज आधी मी करायचो. राजसी लग्नाआधी म्हणाली होती, बाबा, त्याच्या घरच्यांना भेटा, पण प्लीज इन्स्पेक्शनला जाऊ नका. सगळे हसले होते, मीही हसलो होतो, आणि मग त्या मुलाच्या कंपनीत ओळख काढून चौकशी केली होती. तर प्रत्यारोपण झाल्यावर डॉक्टरांनी सांगितलं की आता याच्या शरीराला कुठलाच पहारा नाही, बाहेरचं सगळं संशयाने बघा, तेव्हा खरं सांगायचं तर मला आतून थोडं बरं वाटलं. आयुष्यभर ज्या स्वभावाबद्दल बोलणी खाल्ली तो एकदाचा कामाला आला.

मग मी कोणाला सोडलं नाही. गोजरबाई वीस वर्षं आमच्याकडे धुणंभांडी करते, तिला एकदा जिन्यात शिंक आली आणि मी दारातूनच परत पाठवली. पगार चालू ठेवला, पण तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते पगाराने जाणारं नव्हतं. समोरच्या बिऱ्हाडात कोणी खोकलं की मी कान देऊन ऐकायचो, कोरडा की ओला. एमआयडीसीचा वास संध्याकाळी उतरतो म्हणून पाचनंतर खिडक्या बंद. आणि हा व्हायरस तर असला खट, की तो बाहेरून यायचाच नव्हता. ऋतिकानेच पहिल्या भेटीत समजावलं होतं: "काका, हा आपल्या दहातल्या नऊ जणांच्या अंगात असतो. लहानपणीच येतो, एखादा ताप म्हणून निघून गेलाय असं वाटतं, पण जात नाही, आत गप्प बसतो. शरीराचा पहारा उठला की जागा होतो." म्हणजे चोर घरातच, कुलूप कशाला लावता? मला ते सहन होईना. कोणाकडून आला असेल, मी विचारलं. ती म्हणाली, काही सांगता येत नाही, आईच्या दुधातून, लाळेतून, कुठूनही. त्या दिवसापासून मला शौनक सहा महिन्यांचा दिसायला लागला. ऑर्डनन्स क्वार्टरच्या पायरीवर वृंदा बसलीय, भाताचं शीत बोटाने कुस्करते, आधी स्वतःच्या जिभेला लावून बघते आणि मग त्याला भरवते. हे मी रोज पाहिलं होतं आणि तेव्हा मला ते गोड वाटलं होतं. सत्तावीस वर्षांनी मी त्या बोटावर संशय घेत होतो. वृंदाला बोललो नाही, एवढी अक्कल राहिली होती. पण ती चमच्याने वरणाची चव घ्यायला लागली की माझी मान आपोआप तिकडे वळायची, आणि तिला ते कळत होतं. ती चमचा धुवायची, पुन्हा धुवायची.

गोळीचं प्रकरण यातूनच आलं. हा व्हायरस जागा होऊच नये म्हणून एक नवी गोळी आहे, तिचा अभ्यास चालू आहे, तुम्ही भाग घ्याल का, असं डॉक्टरांनी विचारलं. निम्म्या पेशंटना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी पण आत काही नसलेली. कोणाला कुठली ते पेशंटला ठाऊक नाही, ऋतिकाला नाही, डॉक्टरांनाही नाही. रक्त मात्र सगळ्यांचं दर आठवड्याला तपासणार, व्हायरस दिसला तर लगेच उपचार, म्हणून पोकळ गोळीवाल्याचंही वाईट होऊ देणार नाहीत. सतरा पानांचा फॉर्म होता. मी तो तीन वेळा वाचला, शौनकने एकदाही न वाचता सही केली. "बाबा, माझ्यानंतर येणाऱ्यांना तरी कळेल," म्हणाला. मी म्हणालो, पण कोणालाच माहीत नाही हे कसं शक्य आहे? कोणाला तरी माहीत असणारच. ऋतिका हसली, "कॉम्प्युटरला." एकतीस वर्षांत मी एक नग असा पुढे सोडला नव्हता ज्याच्या आत काय आहे ते मला माहीत नव्हतं, आणि आता रोज सकाळी माझ्या हाताने पोराच्या वाटीत तेच टाकत होतो. अकरा गोळ्यांच्या वाटीत ती एक पिवळट, लांबट. शौनक डोळे मिटून तीन घोटांत सगळ्या गिळायचा. कधी मोजल्या नाहीत, मी दिल्यात म्हटल्यावर मोजायच्या कशाला?

तरी मी गप्प राहिलो असतो. पण पंधरा दिवसांपूर्वी तपासणीला गेलो तेव्हा बाकावर आनंदा भेटला. बदलापूरच्या पलीकडच्या गावचा, कंपनीत फिटर, त्याचा मुलगा अक्षय याच अभ्यासात आहे. बोलता बोलता तो म्हणाला, "आमचे अक्षयची गोली कडू जहर हाय. तोंड वाकडं करतं पोर. तुमचे पोराची?" मी तिथेच शौनकला विचारलं, "ती पिवळी गोळी कडू लागते का रे?" तो म्हणाला, "कसलीच लागत नाही." झालं. त्या क्षणी मला कळलं, म्हणजे कळलं असं वाटलं, की कडू आहे ते औषध आणि बेचव आहे ती चुन्याची कांडी. मागच्या आठवड्यात नवी बाटली आली, तिच्यातल्या गोळ्यांची तुकतुकी आधीच्यांपेक्षा जरा कमी होती. दुसऱ्या कोणाला दिसली नसती, मला दिसली. लॉट बदललाय, मी स्वतःशी म्हणालो. आणि लॉट बदलला की नमुना काढायचा.

आता शहाणा माणूस काय करेल? फार तर एक गोळी काढेल. मलाही ते सुचलं नाही असं नाही. पण एका नगावर लॉट पास होत नाही. तो एक चुकून बरा निघाला असेल, चुकून वाईट निघाला असेल. निदान पाच हवेत, हे माझ्या रक्तात आहे, कुठल्याही तपासणीत ते दिसणार नाही. बाटलीतून एकदम पाच उचलल्या असत्या तर महिनाअखेर ऋतिकाच्या मोजणीत कमी भरल्या असत्या. म्हणून रोजची एक काढली. रविवार, सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार. वाटीत दहा, कागदाच्या पुडीत एक, आणि भिंतीवरच्या चार्टवर बरोबरची खूण. माझा हिशेब सरळ होता: गोळी पोकळ असेल तर पाच दिवसांत बिघडणार काय? ती खरी असेल तर काय, हे मी एकदाही स्वतःला विचारलं नाही, कारण ती खरी नाही हे मी ठरवून बसलो होतो. आमच्या खात्यात नवीन पोरांना मीच शिकवायचो की तपासलेला नग परत लॉटमध्ये जात नाही. जो तपासला तो गेला. शिकवायचो, आणि विसरलो.

जितेश हा उल्हासनगरचा सिंधी मुलगा, फार पूर्वी आमच्या लॅबमध्ये अप्रेंटिस होता, आता आनंदनगर एमआयडीसीत एका औषध कंपनीत केमिस्ट आहे. गुरुवारी संध्याकाळी गेटबाहेर त्याच्या हातात पुडी दिली. त्याने गोळी नखाने टोकरली आणि हसला. "सर, ओरिजिनल और डुप्लिकेट की बात है ना? हम उल्हासनगरवाले हैं, सही आदमी को पकडा आपने." शुक्रवारी दुपारी त्याचा फोन आला. "सर, माल असली आहे. नाव नाही सांगू शकत, आपल्याकडे कंपेअर करायला सॅम्पल नाही, पण आत मेडिसिन आहे शंभर टक्के. पाच के पाच सेम. कोटिंग जाड आहे, म्हणून चव नाही येत." मी गॅलरीत उभा होतो, ऑर्डनन्सचा भोंगा वाजत होता, आणि मला इतका आनंद झाला की मी खाली जाऊन पाव किलो पेढे आणले. शौनकला चालत नाहीत, मी आणि वृंदाने खाल्ले. कशाचे, तिने विचारलं. सहज, म्हणालो. माझ्या पोराला खरं औषध मिळतंय म्हणून मी पेढे खाल्ले. पाच दिवस ते मिळालं नव्हतं हे पेढा खाताना माझ्या लक्षात आलं नाही. आज सकाळी अकराला आलं.

बारा वाजले, एक वाजला. जेवण झालं, मी काय जेवलो सांगता येणार नाही. मनात वकील उभे राहिले होते. एक म्हणत होता, पाच दिवसांत कुठे व्हायरस चढतो, तो चढणारच होता. दुसरा म्हणत होता, आता सांगितलंस तर शौनकला अभ्यासातून काढतील, मग ती गोळीही बंद, म्हणजे न सांगण्यातच त्याचं भलं आहे. हा दुसरा मला फार पटत होता. वृंदाने ताट उचलताना विचारलं, "तुम्हाला बरं नाही का?" आणि मी दचकलो, चोराच्या मनात चांदणं. शेवटी मी आनंदाला फोन लावला. का लावला? अक्षयलाही व्हायरस आलाय असं ऐकायची मला आशा होती, हे लिहिताना लाज वाटते, पण होती. आनंदा खुशीत म्हणाला, "नाय ओ, अक्षयचा चांगला चाललाय." मी विचारलं, गोळी अजून कडू लागते का? "लागनारच. सगली गिलवत नाय, म्हनून तोडून खातो ना तो. ऋतिकाताईंना विचारला, त्या म्हनाल्या तोडू नका, पन काय करनार?" म्हणजे कोटिंग तुटलं की कडू. एवढीच गोष्ट. पुढे तो म्हणाला, "साहेब, तुमचे चार्टचा फोटो ताईंनी दाखवला. तसाच भितीवर लावलाय मी. एक खून चुकली नाय तुमची. अक्षयची आई म्हनते, बापूस असावा तर असा."

मी फोन ठेवला आणि चार्टसमोर जाऊन उभा राहिलो. निळ्या शाईच्या खुणा, सगळ्या एका उंचीच्या. त्यात रविवार ते गुरुवारच्या पाच, बाकीच्यांसारख्याच सुबक. एकतीस वर्षांत माझ्यावर दबाव आले, मी खोट्या तपासणीवर सही केली नाही, एकदा बढती गेली तरी केली नाही. ती पहिली खोटी सही मी पोराच्या औषधाच्या कागदावर केली होती. आणि त्या गोळीबद्दल उद्या लिहिलं जाणार होतं की एकही न चुकता घेऊन या पेशंटला व्हायरस झाला. चांगला लॉट नापास. तो नापास करणारा मी. मला स्वतःची किळस आली. कुंपणच शेत खातंय हे कुंपणाला कळायला दुपारचे तीन वाजावे लागले.

हात धुतले, मास्क लावला, शौनकच्या खोलीत गेलो. तो पलंगावर लॅपटॉप घेऊन बसला होता. औषधांनी काळवंडलेला चेहरा, डोक्यावर तान्ह्या पोरासारखी लव. मी दारातच म्हणालो, "शौनक, मी तुझ्या पाच गोळ्या काढल्या."

त्याने कानातलं काढलं. "कसल्या काढल्या?"

"अभ्यासातल्या. रविवार ते गुरुवार. रोज एक. तपासायला दिल्या, जितेशकडे."

"मग मी काय खात होतो?"

"दहा. अकराच्या जागी दहा."

त्याने लॅपटॉप मिटला. मला वाटलं ओरडेल, आणि ओरडावं अशी माझी फार इच्छा होती. त्याने विचारलं, "मग? काय निघालं?"

"खरी आहे. आत औषध आहे."

"म्हणजे मला खरी मिळाली होती," तो म्हणाला. मग हसला, खोकल्यासारखं. "नशीबच म्हणायचं."

मी त्याला अकराशे चाळीसचं सांगितलं, चार वाजताचं सांगितलं, सकाळी मी काय उत्तर दिलं तेही सांगितलं. माझ्या मागे वृंदा येऊन उभी होती हे मला तिच्या श्वासावरून कळलं. ती म्हणाली, "तीस वर्षं तुम्ही माझे तांदूळ परत निवडलेत. माझ्या बोटाकडे बघता तेही मला कळतं. मी म्हटलं जाऊ दे, स्वभाव आहे. पोराच्या तोंडातला घास काढलात हो." तिचा आवाज चढला नाही. शौनक म्हणाला, "आई, राहू दे. बाबा, फोन लावा." मी म्हणालो, चारला तिचा येईलच. "आत्ता लावा," तो म्हणाला, "स्पीकरवर."

मी ऋतिकाला सगळं सांगितलं, तारीखवार, नापास लॉटचा रिपोर्ट वाचावा तसं. पलीकडे पेनाचा आवाज येत होता. एकदाही तिने काका म्हटलं नाही. "तुम्ही गोळी तपासून घेतलीत हे पण लिहावं लागेल," ती म्हणाली. "अभ्यासात ठेवतील की नाही ते मला माहीत नाही. पण बरं झालं आत्ता सांगितलंत. ॲडमिशनचा फॉर्म मी भरायलाच घेतला होता." सव्वाचारला डॉक्टर स्वतः बोलले, माझ्याशी नाही, शौनकशी. उद्या ॲडमिट करायचं नाही. तूर्त गोळी चालू, सोमवारी पुन्हा रक्त. आकडा उतरला तर उतरला. दुप्पट झाला तर मात्र इंजेक्शन, मग मज्जेचं काय होईल ते बघू. शौनक "हो सर, हो सर" म्हणत होता आणि मी सोमवारपर्यंतचे तास मोजत होतो. मी देवाधर्मातला नाही, पण त्या वेळी कोणी एखादा नवस सांगितला असता तर बोललो असतो.

संध्याकाळच्या गोळ्यांची वेळ झाली, त्या सहाच असतात. मी सवयीने वाटी घ्यायला उठलो, तर वाटी वृंदाच्या हातात होती. तिने यादी उघडली, चष्मा लावला आणि एकेका गोळीचं नाव मोठ्याने वाचत ती वाटीत टाकू लागली. शौनकने वाटी घेतली, दिव्याच्या उजेडात धरली आणि बोटाने बाजूला सारत मोजल्या. सहा. पुन्हा मोजल्या. मला वाईट वाटलं नाही असं नाही, पण त्याच्या जागी मी असतो तर तिसऱ्यांदाही मोजल्या असत्या. मला काहीतरी करायचं होतं म्हणून मी पाण्याचा पेला भरून त्याच्यापुढे धरला.

त्याने पेला घेतला, तोंडाशी नेला आणि थांबला. "पाणी उकळलेलं आहे ना?"

"हो," मी म्हणालो.

त्याने आईकडे बघितलं. वृंदाने मान हलवली, मग तो प्यायला.